पोराच्या हातात काठी देण्याआधी: मारका आणि लढवय्या

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक बाप आपल्या बारा वर्षांच्या पोराला घेऊन आमच्या पटांगणात आला. पोराच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती. शाळेत कुणाला तरी मारून आला होता. बाप जरा कौतुकानंच सांगायला लागला, "ताई, अंगात लई रग हाय ह्याच्या. वाया जायला नको. तुमच्याकडं घालतो, चांगला लढवय्या करा ह्याला."

मी पोराला विचारलं, "मारताना थांबलास कधी?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "सरांनी धरलं तवा."

असे आईबाप दरवर्षी येतात. आता तर नव्यानं मर्दानी खेळ शिकवायला लागलेली तरुण पोरंपोरीही येतात आणि विचारतात, आम्ही हातात काठी देतोय खरी, पण यातून गुंड तयार झाले तर? भीती रास्त आहे. मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं लाठी आणि दांडपट्टा शिकवते आहे, त्याआधी आण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं शिकले. जे करून बघितलं आणि जे चुकलं, ते इथं लिहिते.

आमच्याकडं बैल विकत घेताना माणसं आधी एक गोष्ट विचारून घेतात: मारका आहे का? मारका बैल ताकदीला कमी नसतो. पण कितीही देखणा असला तरी दावणीला कुणी ठेवून घेत नाही, कारण घरातलं पोर वैरण टाकायला गेलं तर तो कधी शिंग घालेल याचा भरवसा नाही. माणसातही तसंच आहे. मारका आणि लढवय्या, दोघांनाही लढता येतं. अंगावर कुणी धावून आलं तर दोघंही उभे राहतील, बघणाऱ्याला दोघांत काही फरक दिसणार नाही. फरक दिसतो वार थांबवायची वेळ येते तेव्हा. मारक्याला दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं. लढवय्या आपला आपण थांबतो, आणि कुणासाठी उभं राहायचं हे त्याला आधीच ठाऊक असतं. हे सांगून येत नाही. रोज अर्धा तास घाम गाळून अंगात घालावं लागतं. त्याची रीत आहे.

आधी झाडू, मग काठी

पहिले तीन आठवडे काठी द्यायची नाही. पोरं कुरकुरतात, आईबाप तर फी परत मागायच्या बेतात येतात. तरी द्यायची नाही.

या तीन आठवड्यांत पोरानं पटांगण झाडायचं आणि खडे वेचायचे. ही शिक्षा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी नीट सांगा. लाठी खेळताना नजर समोरच्याच्या खांद्यावर असते, पायाखाली बघायला सवड नसते. खडा राहिला तर समोरच्याचा पाय मुरगळतो. म्हणजे ज्याच्याशी लढायचं, त्याच्या पायाखालची जमीन आपण साफ करायची. माझ्या मते लढवय्येपणाचा पहिला धडा हाच, आणि तो पाठीत वाकून शिकायचा असतो.

झाडून झालं की पवित्रा. जमिनीवर फक्कीनं दोन फुटांचा चौकोन आखायचा. डावा पाय पुढच्या कोपऱ्यावर, उजवा मागच्या. गुडघे सैल, टाच जमिनीला, कंबर ताठ पण आखडलेली नाही. आता चौकोनाच्या रेषेवरून पुढं, मागं, तिरपं सरकायचं, पाय न उचलता आणि एकमेकांत न गुंतवता. हात कमरेवर. रोज पंधरा मिनिटं. ज्याचे पाय पक्के नसतात तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जोरात मारतो. शाळेतल्या बऱ्याच मारामाऱ्यांच्या मुळाशी मला तर ही भीतीच दिसते.

काठी निवडणं

तयार, पॉलिश केलेल्या काठ्या गठ्ठ्यानं मागवू नका. पोरानं आपली काठी स्वतः तयार करायला हवी.

बांबू भरीव घ्यावा. कोकणातला माणगा मिळाला तर उत्तम, तो आतून जवळजवळ भरलेला असतो आणि चटकन फुटत नाही. सरळपणा बघायला एक टोक डोळ्याला लावून दुसऱ्या टोकाकडं बघायचं. उंची पोराच्या कानाच्या पाळीपर्यंत. जाडी इतकी, की मूठ मिटल्यावर अंगठा पहिल्या बोटाला टेकला पाहिजे. गाठी पटाशीनं तासून घ्या, मग काचकागद, आधी जाडा आणि नंतर बारीक. त्यावर जवसाचं तेल, तीन हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस सावलीत वाळवून. उन्हात वाळवली तर काठी तडकते.

दर आठवड्याला काठी दगडावर आपटून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आत चीर आहे, ती काठी त्याच दिवशी बाद. फुटक्या काठीची कपची समोरच्याच्या डोळ्यात जाते. दहा वर्षांखालच्या मुलांना बांबू द्यायचाच नाही, टोकाला फडकं गुंडाळलेली वेताची छडी पुरते.

ज्या पोरानं दोन आठवडे खपून काठी घासली, ते ती सहज कुणाच्या पाठीत घालत नाही. याला माझ्याकडं पुरावा नाही, नजर आहे.

सलामीबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येक आखाड्याची आपली पद्धत असते. आमच्याकडं काठी आडवी धरून जमिनीला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा आणि मग जोडीदाराच्या डोळ्यांत बघून मान लववायची. एवढंच पाहा की घाईत उरकलेली सलामी चालवून घेऊ नका. पोर जोडीदाराकडं न बघता सलामी करत असेल तर त्या दिवशी त्याला जोडी देऊ नका.

लिंबू

आता मुख्य गोष्ट. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

आमच्या पटांगणाच्या कडेला कडुलिंब आहे. त्याच्या फांदीला दोऱ्यानं लिंबू बांधायचं, पोराच्या कपाळाच्या उंचीवर. काठी दोन्ही हातांत, मागचा हात बुडाशी, पुढचा हात त्याच्यापासून दोन विती पुढं. शिरावर वार करायचा, पूर्ण वेगात, आणि लिंबाच्या चार बोटं अलीकडं काठी थांबवायची. काठीच्या वाऱ्यानं लिंबू हललं तर चालेल, काठीनं हलता कामा नये.

पहिल्या आठवड्यात दोन प्रकार दिसतील. काही पोरं लिंबू फोडतात आणि हसतात. काही पोरं आधीच वेग कमी करतात आणि काठी हातभर लांबच अलगद थांबवतात. दोन्ही चूकच. दुसऱ्या प्रकाराला शाबासकी देऊ नका, हे नव्या शिक्षकांना मुद्दाम सांगते. हळू मारून थांबणं म्हणजे थांबणं नव्हे, ते न मारणंच झालं. जोर पूर्ण हवा आणि तो आपल्या ताब्यात हवा. ज्याला जोरात मारताच येत नाही, त्याच्या न मारण्याला आपण संयम म्हणत नाही.

थांबवायचं कसं, ते सांगते. काठी खाली येत असताना दोन्ही मुठी सैल असतात. शेवटच्या वीतभर अंतरावर पुढची मूठ आवळायची आणि त्याच क्षणी मागचा हात आपल्या कमरेकडं ओढायचा. कोपरं बरगड्यांना चिकटतात. गुडघे थोडे आणखी वाकतात, भार मागच्या टाचेवर येतो. श्वास बाहेर. हे सगळं एकदम झालं तर काठी भिंतीत खुंटी ठोकावी तशी हवेत थांबते.

बरोबर झालं की नाही हे बघायचं तर काठीच्या शेंड्याकडं बघा. शेंडा थरथरत असेल तर पोरानं नुसत्या मनगटानं काठी थांबवली, अंगानं नाही. शेंडा गप्प राहिला तर समजा, पायापासून थांबली. पोराच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा शेंड्याकडं बघा.

रोज उजव्या बाजूनं वीस, डाव्या बाजूनं वीस. शिर झालं की तमाचा, म्हणजे कानशिलाचा वार. मग बाहेरा, मग कमर. आखाड्यागणिक ही नावं आणि क्रम बदलतात, तुमच्या वस्तादांनी शिकवलं तेच धरा. तीन महिन्यांनी लिंबाचं अंतर चार बोटांवरून दोन बोटांवर आणा. सहा महिन्यांनी लिंबू काढा आणि तिथं स्वतःचा हात धरा.

हो, स्वतःचा. पोरांना एकमेकांच्या समोर उभं करण्याआधी शिक्षकानं आपली कोपरापासूनची बाजू पुढं करायची, मनगटाला कापडाची जाड पट्टी गुंडाळून. माझ्या डाव्या हातावर या सव्वीस वर्षांत बरेच वळ उठलेत. पण ज्या दिवशी पोर पहिल्यांदा पूर्ण वेगात काठी आणून माझ्या हाताच्या वर थांबवतं, त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपण एखाद्याला इजा करू शकत होतो आणि केली नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा हातातून कळतं.

जोडी लावताना

सारख्या वजनाची, सारख्या उंचीची जोडी लावायची असा सगळ्यांचा समज आहे. सुरुवातीला मी मोठ्याला लहानाबरोबर लावते. नियम एकच: वेग लहानाचा. मोठ्यानं लहानाच्या वेगानं वार करायचे आणि लहानानं अडवायचे. मोठ्याला हे फार जड जातं. त्याला समोरच्याचा दम, त्याची भीती, त्याच्या पायाची चाल हे सगळं मोजत राहावं लागतं. मारक्याचा स्वभाव पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येतो, तो हळूच वेग वाढवायला लागतो. तिथं ओरडू नका. जोडी थांबवा, त्याला त्याच लहानाकडून विचारून घ्यायला लावा, "किती जोरात मारू?" लहान पोर सांगेल तेवढंच. हा प्रश्न रोज विचारायला लागलं की महिन्याभरात मोठ्याच्या अंगात तो मुरतो.

हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड यात कंजूषी नको. डोकं उघडं ठेवून जोडी कधीच नाही.

बोटांवर काठी लागणारच. लागली की डोक्यात कळ जाते आणि त्या कळेबरोबर राग. तो पाव सेकंद सगळ्यात धोक्याचा. याबद्दल मला माझीच गोष्ट सांगायला हवी.

मी एकोणीस वर्षांची होते. चुलतभावाबरोबर जोडी चालली होती, त्याची काठी माझ्या करंगळीवर बसली. नख काळं पडलं. त्यानं लगेच काठी खाली करून "लागलं का गं?" असं विचारलंही. माझा हात तेव्हा वर होता. तो थांबवता आला असता. मी नाही थांबवला. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात होता. ऐन शेंगा काढायच्या दिवसांत काकांच्या घरातला कामाचा हात गेला.

आण्णांनी मला मारलं नाही, बोललेही फार नाहीत. माझी काठी घेतली आणि माडीवर ठेवली. म्हणाले, "तुला लढता येतंय, थांबता येत न्हाई. म्हंजे निम्मंच येतंय." पुढचं वर्षभर मी पटांगण झाडलं, दुसऱ्यांचे वार मोजले आणि सकाळी काकांच्या गोठ्यातलं काम केलं. वर्षानं काठी परत मिळाली तेव्हा तिला पुन्हा तेल देताना माझे हात कापत होते. आज पोरांच्या जोड्या लावताना मी मध्ये उभी राहते ती त्या एका वारामुळं.

म्हणून आमच्याकडं नियम आहे: लागलं की ज्याला लागलं त्यानंच "थांब" म्हणायचं आणि दोघांनी काठ्या जमिनीवर ठेवायच्या. हातात नाही, जमिनीवर. राग आलेल्यानं जाऊन माठातलं पाणी आणायचं, आधी जोडीदाराला द्यायचं, मग स्वतः प्यायचं. तेवढ्यात हातातली कळ उतरते. पाणी आणून झाल्यावर पुन्हा जोडी लावायचीच, त्याच दिवशी. रागावर दिवस संपवला तर पोर तो राग घरी घेऊन जातं.

दांडपट्टा

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, तेव्हापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, आमच्या पोराला थेट पट्टाच शिकवा. मी नाही म्हणते. लाठीची तीन वर्षं झाल्याशिवाय आणि वय सोळा झाल्याशिवाय नाही.

कारण शस्त्रातच आहे. पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या आत असते, हात कोपरापर्यंत लोखंडात जातो आणि मनगट बांधलं जातं. तलवारीला मनगट वळवून आवर घालता येतो, पट्ट्याला नाही. पातं लांब, लवचिक आणि दोन्ही बाजूंनी धारेचं. ते खांद्यातून आणि कमरेतून चालतं, आणि चुकलं तर चालवणाऱ्याच्याच पोटरीवर येतं. ज्याला पायापासून थांबता येत नाही त्यानं पट्टा हातात घेणं म्हणजे स्वतःला जखम करून घेणं. शिकवतानाही पहिली दोन वर्षं बोथट पातंच.

प्रात्यक्षिकांत माणसाच्या मानेवर, पोटावर काकडी किंवा केळं ठेवून पट्ट्यानं कापतात. लोक टाळ्या वाजवतात. मी स्वतः ते केलंय आणि दहा वर्षांपूर्वी बंद केलं. थांबण्याची परीक्षा म्हणून त्या खेळाची किंमत मला कळते. पण खाली झोपलेला माणूस त्या परीक्षेला बसलेला नसतो, आणि टाळ्यांसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावणं मला लढवय्याचं काम वाटत नाही. लिंबू लाकडी ठोकळ्यावर ठेवूनही तेवढंच अचूक कापता येतं.

पन्हाळ्यावर न्या

वर्षातून एकदा तरी पोरांना पन्हाळ्यावर न्या. भाषण देऊ नका, फक्त दोन पुतळे दाखवा आणि दोन गोष्टी सांगा.

एक बाजीप्रभूंचा. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला होता. जुलैच्या १२ तारखेला भर पावसात रात्री शिवाजी महाराज गड उतरून विशाळगडाकडं निघाले. पाठलाग सुरू झाला तेव्हा घोडखिंडीत बाजीप्रभू मूठभर मावळ्यांसह थांबले. काम काय होतं? महाराज विशाळगडावर पोहोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड अडवायची. शत्रू संपवायचा असं काम नव्हतं. पोरांना मी इथं विचारते, बाजीप्रभू जिंकले का? किती माणसं मारली हे बघितलं तर उत्तर सापडत नाही. तोफा वाजल्या का, हे बघितलं तर सापडतं. आपल्या लढण्याचा शेवट कुठं आहे हे खिंडीत उभं राहण्याआधीच त्यांना ठाऊक होतं.

दुसरा पुतळा शिवा काशिदांचा. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे नाभिक. चेहरामोहरा महाराजांशी जुळणारा, म्हणून महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसले आणि सिद्दीच्या माणसांच्या हाती लागले, अशी परंपरेनं चालत आलेली हकीगत आहे. ओळख पटल्यावर त्यांना मारलं गेलं. इथं पोरं गप्प होतात. एक वर्षी एका मुलीनं विचारलं, "पण वस्ताद, त्यांनी तर कुणालाच मारलं नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तुला इथं आणलंय." त्या रात्री सगळ्यात धोक्याची जागा त्यांची होती आणि हातात काही चालवायचं नव्हतं. आपण पकडले जाणार हे ठाऊक असताना पालखीत शांत बसून राहणं! मोठ्या पोरांना मी उतरताना विचार करायला सांगते, हे तुम्हाला जमेल का. पट्टा फिरवणं त्यापेक्षा सोपं आहे.

तिसरी गोष्ट पुतळ्याची नाही, पत्राची आहे. १६७० च्या दशकात महाराजांनी चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या आपल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. विषय काय? वैरण आणि दाणा. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळलीत तर पुढं घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाकरी, भाजी, गवत उचलायला लागाल, आणि रयतेला मोगलांपेक्षा तुमचाच जाच वाटेल. मग आगीची काळजी: कुणी चूल पेटवील, कुणी दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. राजा आपल्या फौजेला उंदराच्या वातीबद्दल बजावतो. मी हे पत्र मोठ्या पोरांना दरवर्षी वाचून दाखवते आणि वाचताना दरवर्षी माझा आवाज जड होतो. ज्याच्या हातात शस्त्र आहे, त्यानं निःशस्त्र माणसाच्या परसातल्या भाजीचा विचार करायचा असतो. मारक्याला शत्रू तेवढा दिसतो. शेत दिसत नाही.

पटांगणाबाहेर

आईबापांचा खरा प्रश्न हाच असतो: रस्त्यावर कुणी त्रास दिला तर?

मुलींना मी क्रम पाठ करून घेते. पहिलं, निघून जाता येत असेल तर निघून जा. पळण्यात कमीपणा नाही. पवित्रा शिकताना मागं सरकायला शिकवलं ते यासाठीच. दुसरं, आवाज. पोटातून, मोठ्यानं, "लांब हो!" हा आवाज पटांगणात रोज काढायला लावा, कारण घशात अडकलेला आवाज ऐन वेळी निघत नाही. तिसरं, सोबत लहान किंवा म्हातारं कुणी असेल तर आधी त्याला पाठीशी घे. चौथं, वार. तोही सुटका होईल एवढाच. आणि सुटका झाली की गर्दीकडं, दुकानाकडं, पोलिसांकडं.

हा क्रम कायद्यालाही धरून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. स्वतःचंच नाही, दुसऱ्याचं शरीर वाचवायचाही हक्क आहे. पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणाला नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क चालत नाही. माझ्या पोरांना हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही, लिंबाच्या चार बोटांत ते आलेलं असतं.

आणखी एक, हे शिक्षकांसाठी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणावाराला किंवा तणावाच्या दिवसांत मनाई आदेश निघतात, त्यात सार्वजनिक जागी शस्त्रं आणि काठ्या बाळगायलाही बंदी असते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत प्रात्यक्षिक असेल तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या, परवानगी हातात घ्या. पोरांनी काठी घेऊन एकटंदुकटं गावात हिंडायचं नाही. आमच्याकडं काठ्या पटांगणाच्या खोलीतच राहतात, किल्ली माझ्याकडं.

गेल्या वर्षी माझी एक सतरा वर्षांची विद्यार्थिनी धाकट्या बहिणीला घेऊन स्टँडवर उभी होती. दोघं जण अंगचटीला आले. तिच्या हातात लांब दांड्याची छत्री होती. तिनं बहिणीला मागं घेतलं, छत्री आडवी धरून पवित्रा घेतला आणि ओरडली. चार माणसं वळून बघायला लागली, ते दोघं मागं झाले, ही बहिणीला घेऊन शेजारच्या औषधाच्या दुकानात शिरली. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्याकडं आली, जरा नाराजच. "चार वर्षं शिकली, एक फटका तरी द्यायचा होता." मी मुलीला विचारलं, फटका बसला असता का? म्हणाली, "बसला असता की. पण मग छकुली एकटी पडली असती." मी त्या दिवशी आईला चहा दिला आणि मुलीला दांडपट्ट्याच्या वर्गात घेतलं.

कळायचं कसं

दोन-तीन वर्षांनी पोर कुठल्या वाटेला लागलंय हे बघायला स्पर्धेतली पदकं बघू नका. तो नवीन आलेल्या लहानाशी जोडी कशी खेळतो ते बघा. हरल्यावर जोडीदाराची काठी उचलून देतो का, त्याच्या काठीचा शेंडा थांबल्यावर थरथरतो का, घरी धाकट्या भावंडावर हात उचलणं कमी झालं का, हे बघा. शेवटचं आईला विचारावं लागतं, आणि आई खरं सांगते. जे पोर शिकल्यानंतर घरात जास्त मारकं झालंय, त्याची काठी काढून घ्या आणि पुन्हा झाडू द्या. मी आजवर सात-आठ जणांच्या काठ्या अशा काढून घेतल्या. तिघं परत आले नाहीत. ते तिघं मला अजून आठवतात. त्यांच्याबाबतीत मी झाडू लवकर द्यायला हवा होता.

सुरुवातीला ज्याच्याबद्दल लिहिलं ते बोटं सोललेलं पोर आता पंधरा वर्षांचं आहे. पहिल्या वर्षी त्यानं लिंबं इतकी फोडली की मी त्यालाच आठवड्याची लिंबं आणायला लावली. दुसऱ्या वर्षी शाळेत एकदा पुन्हा मारामारी झाली. मी विचारलं, थांबलास कधी? म्हणाला, "तो खाली पडल्यावर." सर आले तेव्हा हा त्याला उठवत होता. मी शाबासकी दिली नाही, कारण मुळात पाडायची गरज होती का यावर आमचं बोलणं झालंच. पण घरी येऊन आण्णांच्या फोटोसमोर दिवा लावला.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या काठ्या पटांगणात ओळीनं मांडतो. सगळ्यात लहान पोराची वेताची छडी पहिली, मग वाढत्या उंचीनं काठ्या, शेवटी दोन पट्टे आणि माडीवरून खाली आलेली माझी जुनी काठी. हळदकुंकू, झेंडूची फुलं, पेढे. काठ्यांना तेल लावायचं काम यंदा त्या पंधरा वर्षांच्या पोराकडं आहे. त्या दिवशी कुणी काठी फिरवत नाही. नवीन पोरं विचारतात, आजच्या दिवशीच का नाही? तो त्यांना म्हणतो, "तेल ओलं हाय अजून. बस हितं."